जुनी दुचाकी तपासताना तिच्या ब्रेककडेही बघा: मोटार वाहन निरीक्षकांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत जुन्या दुचाकींची तपासणी करणाऱ्या सर्व मोटार वाहन निरीक्षकांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची भाषा कन्नड आहे, मलाही कन्नड बोलता येते. पण गाऱ्हाणे ज्या भाषेत सुचते त्याच भाषेत ते नीट मांडता येते, आणि घटनेच्या ३५० व्या कलमाने ती मुभा प्रत्येकाला दिली आहे. कुणाची तक्रार म्हणून हे लिहिलेले नाही. पुढे जे सांगणार आहे ते कुठल्या कार्यालयात घडले तेही लिहीत नाही, कारण प्रश्न एका माणसाचा किंवा एका टेबलाचा नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात एका मशीनशॉपमध्ये एकतीस वर्षे काम केले. त्यातली शेवटची बारा वर्षे फायनल इन्स्पेक्शनला होतो. तयार झालेला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, हातात घ्यायचा, मोजायचा, चालेल की नाही ते सांगायचे आणि सही करायची. म्हणजे तुमचे आणि माझे काम एकाच जातीचे. तुम्हाला लिहायचा धीर झाला तो याच नात्याने.

माझ्याकडे ऑगस्ट २००४ मध्ये नोंदवलेली हिरो होंडा स्प्लेंडर आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हे मोटार वाहन कायद्याच्या ४१ व्या कलमात आहेच. त्याप्रमाणे २०१९ मध्ये पहिल्यांदा गाडी तपासणीला नेली. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतली. हॉर्न वाजवायला सांगितला, पुढचा दिवा लावायला सांगितला. तीन-चार मिनिटांत काम झाले. गाडीला कुणी हात लावला नाही, छाप घेणाऱ्याने लावला तेवढाच. कागद हातात पडला तेव्हा मला खरोखर आनंद झाला. सरकारच्या माणसाने गाडी बघून अजून पाच वर्षे चालेल म्हटले होते.

दोन आठवड्यांनी मागचे चाक पंक्चर झाले. मेस्त्रीने चाक उतरवले, ड्रम उघडला आणि मला जवळ बोलावले. "अहो, लोखंडावर लोखंड घासालंय की हे. असंच फिरालासा व्हय?" लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, संपून ते ज्यावर बसते त्या शूची कड ड्रमला लागत होती आणि ड्रमला बोटाला जाणवेल एवढी चरी पडली होती. अशी अवस्था दोन आठवड्यांत होत नाही. तपासणीच्या दिवशीही गाडी अशीच होती. त्या पंधरवड्यात बायकोला मागे बसवून मी दोनदा तवंदीचा घाट उतरून निपाणीला गेलो होतो.

दोष माझाही आहे, तो मान्य करतो. मागच्या ब्रेकच्या पाट्यावर एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेच्या पुढे गेला की लायनर संपला. दररोज मायक्रोमीटर हाताळणाऱ्या माणसाने तो बाण पाहिला नव्हता. का पाहिला नाही, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. उत्तर एकच आले: माझ्याजवळ कागद होता. तपासणी झालीच नसती तर मी कदाचित मेस्त्रीकडे जाऊन गाडी उघडून घेतली असती. तपासणी झाली या समजुतीने मी निर्धास्त झालो. न बघता दिलेला पास हा नुसता निरुपयोगी कागद नसतो. ज्याने स्वतःहून बघितले असते, त्याचेही बघणे तो थांबवतो.

आता २०२४ चे सांगतो. मधल्या पाच वर्षांत मी शहाणा झालो होतो. दोन्ही लायनर नवे, हँडलच्या बेअरिंगचा कोनसेट नवा, चेन-स्प्रॉकेट नवे, पुढच्या फोर्कची ऑइल सीलही बदललेली. मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत अर्ज करता येतो, म्हणून जुलैमध्ये गाडी नेली. आदल्या दिवशी खानापूरच्या पलीकडे एका लग्नाच्या बोलणीला जाऊन आलो होतो. जुलैतला तिकडचा पाऊस आणि तांबडा चिखल तुम्हाला माहीत आहे. गाडी इंजिनापर्यंत माखलेली होती. साहेबांनी दहा पावलांवरून बघितले आणि म्हणाले, "गाडी सरि इल्ल." गाडी ठीक नाही. काय सरि नाही म्हणून विचारले, तर हाताने नुसती गाडीच दाखवली. शेजारी उभ्या असलेल्या एकाने मला हळूच सांगितले, "तोळकोंड बर्री." धुऊन आणा.

तिसऱ्या दिवशी रॉकेल लावून, पुसून, सीटला पॉलिश करून गाडी नेली. पास झाली. एक नटसुद्धा फिरवला नव्हता.

साहेब, हीच गोष्ट आमच्या शॉपमध्ये घडली असती तर काय झाले असते ते सांगतो. आमच्याकडे नवे गेज, म्हणजे मोजायचे साधन, वापरात घेण्याआधी त्याची परीक्षा होते. दहा जॉब घ्यायचे, तीन माणसे घ्यायची, आणि प्रत्येकाने प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायचा. आधी काय मापले होते ते त्याला सांगायचे नाही. मग दोन गोष्टी बघायच्या. त्याच माणसाने तोच जॉब पुन्हा मोजला तर तेच माप येते का? आणि वेगवेगळ्या माणसांनी तोच जॉब मोजला तर माप जुळते का? यालाच आम्ही गेज आर-अँड-आर म्हणतो. दोन्हींत फरक जास्त आला की ते गेज बाजूला पडते. त्या गेजने पास केलेला माल गिऱ्हाईक घेत नाही आणि त्याने नापास केलेला माल भंगारात टाकायची आमचीही छाती होत नाही. अशा गेजचे "हो" आणि "नाही" दोन्ही सारखेच पोकळ असतात.

माझी गाडी २०१९ मध्ये नापास व्हायला हवी होती, ती पास झाली. २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी पास व्हायला हवी होती, ती नापास झाली. तिसऱ्या दिवशीचे उत्तर बरोबर आले, पण चुकीच्या कारणाने. तिन्ही वेळा प्रत्यक्षात मोजली गेली ती एकच गोष्ट, गाडी दिसते कशी.

आमच्या घरापासून चार घरे सोडून एक दूधवाले राहतात. जांबोटीच्या बाजूने पहाटे दूध आणतात, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. त्यांच्याही गाडीला पंधरा वर्षे होऊन गेलेली, नूतनीकरण होऊन चार महिने झालेले. मागचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या सांध्यातले बुश इतके झिजले होते की भरल्या कॅनच्या वजनाने मागचे चाक वळणावर स्वतःची वाट धरायचे. ते म्हणायचे, गाडी जरा डुलते, वजनामुळे असेल. एका पहाटे ओल्या वळणावर गाडी त्यांच्या हातातून गेली. गळ्याजवळचे हाड मोडले, दोन महिने धंदा बंद, तोवर गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. झिजलेले बुश ओळखायला यंत्र लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवायचे. दहा सेकंदांचे काम. चाक लटपटले की समजायचे, बुश तरी गेले आहे नाहीतर बेअरिंग. नवे बुश त्या मोडलेल्या हाडापुढे फुकटच म्हणायचे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे केंद्र सरकारचेच आकडे. यातले किती अपघात गाडीच्या दोषाने झाले ते मी सांगू शकत नाही, आणि बहुतेक अपघात माणसाच्या चुकीनेच होतात हे मलाही पटते. पण समोरून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर बिनदिव्याचा येतो, तेव्हा चूक त्याची असली तरी वाचायचे असते ते आपल्याच ब्रेकवर.

किती फरक पडतो ते मी मोजून पाहिले. एका रविवारी उद्यमबागेतल्या रिकाम्या रस्त्यावर खडूची रेघ मारली, पुतण्याला टेप घेऊन उभे केले. ताशी ३० च्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक दाबायचा, असे पाच वेळा. नव्या लायनरवर, दोन्ही ब्रेक मिळून, गाडी साडेसात ते साडेआठ मीटरमध्ये थांबत होती. मग पुढच्या ब्रेकला हात न लावता नुसत्या मागच्यावर थांबवली. चौदा मीटर लागले. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून पुढच्या ब्रेकची ताकद जास्त. आमच्याकडे निम्मे लोक पुढचा ब्रेक कधी वापरतच नाहीत. केबल गंजून अडकलेली असते तरी त्यांना पत्ता नसतो. फरक सहा मीटरचा. तीन स्प्लेंडर एकामागे एक उभ्या केल्या की होतात तेवढे अंतर. आणि हे ताशी ३० ला, कोरड्या रस्त्यावर.

तपासणीच्या आवारात अशी एक रेघ मारता येईल. तेवढीही जागा नसेल तर निदान गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मागचे चाक हाताने फिरवून ब्रेक दाबा आणि बाण कुठे जातो बघा. पुढचे चाक उचलून दोन्ही फोर्क खालून धरा, मागेपुढे ढकला. खटका जाणवला तर कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश एका बाजूकडून दुसरीकडे न्या. मधोमध ते खोबणीत बसल्यासारखे अडले तर कोनसेट खड्डे पडून खराब झाला आहे, आणि अशी गाडी सरळ रस्त्यावरही सरळ जात नाही. टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे कंपनीनेच दिलेले असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की संपला. त्यासाठी पट्टीसुद्धा लागत नाही. चाकाच्या आऱ्यांवर पान्याने टकटक करत जा. घट्ट आरा वाजतो, ढिला आरा बद्द बोलतो. एवढे सगळे करायला सवयीच्या माणसाला चार-पाच मिनिटे पुरतात. २०१९ मध्ये माझ्या गाडीला दिलात त्याहून फार तर मिनिटभर जास्त.

एमिशनबद्दल थोडेच सांगतो. (कोल्हापूरकडे पीयूसी म्हणतात, आपल्याकडे सगळे एमिशनच म्हणतात.) ही एकच तपासणी अशी आहे की तिला आकडा आहे. माझ्या स्प्लेंडरसारख्या, ३१ मार्च २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमच्या आत हवा. त्याआधीच्या गाडीला ४.५ टक्के आणि ९०००. नियम स्वच्छ आहे. पण नळी सायलेन्सरमध्ये पुरती आत गेली नाही, की धुराबरोबर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा आपोआप सुंदर येतो. कधीकधी तर नळी आत जायच्या आधीच कागद छापून तयार असतो. आकडा आला म्हणजे मोजणी झाली असे नव्हे, हे आमच्या शॉपमधला नवा पोरगासुद्धा पहिल्या महिन्यात शिकतो.

केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले आहेत. अशी यंत्रे आपल्या दुचाकींपर्यंत पोहोचली तर मला आनंदच आहे. मात्र यंत्र आले म्हणजे काम झाले असे कृपा करून समजू नका. यंत्राचेही कॅलिब्रेशन लागते. ते कधी झाले, त्याची चिठ्ठी यंत्रावर सर्वांना दिसेल अशी लावावी लागते. आणि यंत्र येईपर्यंत थांबायचे कशाला? हातातली विजेरी, टेप, खडू आणि काय तपासले, कुठे दोष सापडला ते लिहायचा एक छापील तक्ता, एवढ्या सामानावर उद्यापासून सुरुवात होऊ शकते.

आता कायद्याची एक गोष्ट. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. ४५ व्या कलमाप्रमाणे गाडी यांत्रिकदृष्ट्या सदोष असेल तर नूतनीकरण नाकारता येते. मात्र नाकारले तर त्या आदेशाची प्रत कारणांसह अर्जदाराला द्यावी लागते. ५७ व्या कलमाप्रमाणे त्या आदेशावर तीस दिवसांत अपील करता येते. मला आदेश मिळाला नाही, "सरि इल्ल" मिळाले. त्यावर अपील कुठे करायचे? अपील सोडा, दुरुस्ती तरी कशाची करायची? शेतकरी माणूस दोन दिवसांची मजुरी बुडवून गावाकडून येतो, नापास होतो, आणि काय बिघडले आहे ते न कळताच परत जातो. मग तो मेस्त्रीकडे जाणारच नाही. तो एजंटकडे जाईल. कारण सांगितले नाही, तर लोक एकच कारण गृहीत धरतात. ते कारण खोटे असले तरी बदनामी तुमच्यातल्या प्रामाणिक माणसाची होते.

आणि ही गोष्ट आता पूर्वीइतकी साधी राहिलेली नाही. माझ्या पहिल्या नूतनीकरणाची फी ३०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती १००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या दुचाकीला २००० केली आहे. फी देतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण २००० रुपये घेतल्यावर चाक हलवून बघणे एवढे तरी त्यात यावे. शिवाय भंगार धोरण आले आहे. तपासणीत नापास झालेली जुनी गाडी आज ना उद्या मोडीत जाणार. दूधवाल्याची, गवंड्याची, फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची गाडी मोडीत घालायची असेल तर खुशाल घाला, मात्र ती खरोखर धोकादायक आहे म्हणून घाला. चिखल लागला आहे म्हणून नको. रात्री साडेअकराला पाळी सुटल्यावर कंग्राळीला किंवा येळ्ळूरला जायला त्याच्याकडे दुसरे साधन नसते.

तुमची अडचण मला दिसत नाही असे नाही. त्याच आवारात नव्या गाड्या, लायसन्सच्या चाचण्या, मालवाहू गाड्यांची एफसी (फिटनेस सर्टिफिकेट), आणि वर अपघातातल्या गाड्या तपासून पोलिसांना अहवाल. माणसे कमी, रांग मोठी. पण त्या अहवालाकडेच बोट दाखवतो. अपघात झाल्यावर तुम्ही गाडीजवळ बसता, ब्रेक बघता आणि त्याची स्थिती कागदावर लिहिता. म्हणजे कसे बघायचे ते तुम्हाला येते, लिहायचेही येते. तेच बघणे आणि तेच लिहिणे अपघाताच्या आधी, नूतनीकरणाच्या दिवशी व्हावे, एवढेच मागतो आहे.

आमच्या लोकांनाही इथेच सांगतो, कारण हे पत्र तेही वाचतील. पासिंगपुरता मित्राच्या गाडीचा टायर लावून न्यायचा, आरसे उसने आणायचे, संध्याकाळी सगळे परत करायचे, हे आपल्याकडे गल्लोगल्ली चालते. मी स्वतः शेजाऱ्याला एकदा आरसा दिला आहे. यात आपण निरीक्षकाला फसवत नसतो. टायर परत गेला की झिजलेल्या टायरवर बसणार आपलेच पोर असते. निरीक्षकाने कडक तपासणी करावी असे म्हणायचे आणि आपली गाडी तेवढी सोडावी असे मनात धरायचे, हे दोन्ही एकदम जमणार नाही. मला सूट नको आहे. माझ्या गाडीत दोष असेल तर ती नापास करा, फक्त दोष कुठे आहे ते लिहून द्या.

दोष लिहून देण्याचा तो छापील तक्ता कन्नड आणि मराठी दोन्हींत असावा, ही माझी विनंती आहे. याला कुणी भाषेचे भांडण समजू नये. खानापूर तालुक्यातल्या साठीच्या माणसाला "मागच्या फोर्कचे बुश" वाचता आले तर तो थेट मेस्त्रीकडे जाईल, एजंटकडे जाणार नाही. शब्द नको असतील तर गाडीचे चित्र छापा आणि बिघडलेल्या जागी फुली मारा. मेस्त्री मराठी असो, कन्नड असो, उर्दू बोलणारा असो, फुली सगळ्यांना कळते. तक्त्यावर तपासणाऱ्याची सही आणि वेळ असावी. आणि वर्षातून एकदा, एकाच गाडीवर दोन निरीक्षकांनी एकमेकांना न सांगता तक्ता भरून बघावा. फुल्या जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर कुणालाही बोल न लावता दोघांनी गाडीजवळ बसून का जुळल्या नाहीत ते शोधावे. आम्ही असेच करत होतो. पहिल्या वेळी आमचेही जुळले नव्हते.

असा तक्ता करायला माझा उपयोग होणार असेल तर मी रविवारी मोकळा असतो. उद्यमबागेतले माझ्यासारखे आणखी दोघे-तिघे निवृत्त लोकही येतील, त्यांना मी विचारले आहे. मोबदला नको.

माझ्या आरसीची मुदत ऑगस्ट २०२९ मध्ये संपते. तेव्हा गाडी पंचवीस वर्षांची असेल, आणि नियमाप्रमाणे मी तिला पुन्हा जुलैतच घेऊन येईन. पाऊस असेल. वाटेतला चिखल मी धुणार नाही. तिला तशीच मधल्या स्टँडवर चढवा आणि आधी मागचे चाक हलवून बघा.

आपला,
बेळगाव जिल्ह्यातला एक जुना दुचाकीस्वार